तीन टँकर आणि एक तेलपरीक्षा

इंजिनाचे तेल विकत घ्यायला आलेला माणूस प्रथम डब्याकडे पाहत नाही, दुकानदाराच्या चेहऱ्याकडे पाहतो. भाजीची जुडी उलटून पाहता येते, कापड बोटांत धरता येते, आंबा नाकाशी नेता येतो. तेल मात्र डब्यात असते तोवर दिसत नाही आणि इंजिनात गेल्यावर तर मुळीच दिसत नाही. ते चांगले होते हे कळायला पुष्कळ दिवस लागतात. वाईट असल्यास ते एकदाच आणि फार मोठ्या आवाजात कळते. म्हणून गिऱ्हाईक चेहरा वाचते. कपाळावर गंध आणि नाकावर घसरलेला चष्मा असा माझा चेहरा लोकांना विश्वासार्ह वाटे. यात माझे कर्तृत्व काही नाही. ती ईश्वराची आणि गंधाची कृपा.

माझे शिक्षण पाठशाळेत झाले. व्याकरण झाल्यावर गुरुजींनी न्यायशास्त्रात घातले, आणि त्यातच माझे मन रमले. शहरात आलो तो संस्कृतचा शिक्षक होण्यासाठी. त्या वर्षी एकाही शाळेला संस्कृतचा शिक्षक नको होता, आणि जालना रस्त्यावरील वंगणाच्या एका दुकानाला मात्र सुवाच्य अक्षराचा, निर्व्यसनी माणूस हवा होता. पुढे मालकांनी ते दुकान माझ्याच हाती सोपविले. मी आलो तेव्हा दुकान शहराच्या कडेला होते. वाळूजचे कारखाने वाढले, वसाहती पसरल्या, आणि ते दुकान बसल्याजागी शहराच्या मध्यावर आले. प्रगती करण्याची इतकी सोपी रीत मी दुसरी पाहिली नाही.

सिंथेटिक तेल प्रथम आले तेव्हा त्याचे डबे देव्हाऱ्यात शोभावेत असे होते. किंमत पाहून लोक हात मागे घेत. ‘यात एवढे आहे तरी काय?’ असे कुणी विचारले की मी तांदळाचे उदाहरण देई. साधे तेल म्हणजे गिरणीतून आलेले तांदूळ : त्यात अख्खे दाणे, कणी, कोंडा सारेच असते. सिंथेटिक म्हणजे एकसारखे, निवडून घेतलेले दाणे. ते उष्णतेत लवकर मोडत नाहीत, थंडीत गोठून बसत नाहीत, म्हणून ते तेल जास्त दिवस टिकते. आता खरी मेख या ‘जास्त दिवस’मध्ये आहे. महाग तेलाचे मोल ते दीर्घकाळ वापरण्यात असते. पण आमची माणसे हौसेने महाग तेल घेत आणि जुन्या सवयीने स्वस्त तेलाच्या वेळेलाच ते काढून टाकीत. तेल मोजायची पट्टी बाहेर ओढायची, तेल काळे दिसले की घाबरायचे, हा तर सार्वत्रिक परिपाठ. काजळी स्वतःत धरून ठेवणे हे तेलाचे कर्तव्यच आहे. जे तेल डिझेलच्या इंजिनात राहूनही सोन्यासारखे दिसते, त्याने आपले काम केलेले नाही, असेच बहुधा समजावे. हे मी आयुष्यभर सांगितले. किती जणांनी ऐकले, हा प्रश्न मी स्वतःला विचारीत नाही.

एकदा एक सद्गृहस्थ नवी कोरी मोटार घेऊन आले. मी तेल दाखविले. ते म्हणाले, “काका, हे सोनेरी आहे. लाल दाखवा.”

“लाल कशासाठी?”

“गाडी लाल आहे ना!”

“अहो, ते आत जाणार. कुणाला दिसणार?”

“कुणाला दिसो न दिसो. मला ठाऊक असतं!” या उत्तरात एक प्रकारची निष्ठा होती. मी त्यांना लाल तेल दिले. सुदैवाने ते चांगलेही होते.

वापरलेले तेल पारखण्याची माझी रीत अगदी साधी होती. टीपकागदावर त्याचा एक थेंब सोडायचा आणि कागद आडवा ठेवून द्यायचा. सकाळपर्यंत थेंब पसरतो. काजळी मध्यापासून कडेपर्यंत सारखी विरत गेली तर तेलात अजून प्राण आहे. मधोमध दाट काळा ठिपका बसून भोवती कोरडे कडे उमटले तर तेल थकले. पाणी शिरले असेल तर कडा दातेरी होते. असे कागद मी दोरीवर ओळीने लावून ठेवी. वर्तुळे, कडी, डाग पाहून कुणीतरी त्यांना ‘पत्रिका’ म्हटले आणि ते नाव रूढ झाले. “गुरुजी, माझ्या गाडीची पत्रिका बघा बरं,” असे म्हणत माणसे बाटलीच्या तळाशी चमचाभर तेल घेऊन येत. ज्योतिषाचा मी अभ्यास केला नाही, असे मी प्रत्येकाला सांगत असे. त्यावर ते समजुतीने मान हलवीत. मोठी माणसे विनयाने असे बोलतातच, असा त्यांचा भाव असे.

या पत्रिकांच्या आधारे तीन कंपन्यांच्या तेलांची शास्त्रशुद्ध तुलना करण्याची संधी मला एकदा मिळाली. तीच हकिगत आज सांगायची आहे.

ते दुष्काळाचे वर्ष होते. हिवाळा सरण्यापूर्वीच विहिरींचे तळ दिसू लागले. इकडे शहरात नव्या इमारतींचे मजले चढत होते, तिकडे गावांच्या वेशीवर टँकरची वाट पाहिली जात होती. वैजापूर तालुक्यातील सुमनताई या माझ्या जुन्या गिऱ्हाईक. घरची शेती मोठी, पण त्या वर्षी शेतात काम उरले नव्हते. त्यांनी घरच्या तीन जुन्या ट्रकांवर टाक्या बसविल्या आणि गावांना पाणी पोहोचविण्याचे काम घेतले. एक टँकर कडुबा चालवी, दुसरा रशीदभाई, आणि तिसरा सुमनताईंचे दीर भाऊसाहेब.

त्या एके दिवशी दुपारी दुकानात आल्या आणि पदराने घाम टिपत म्हणाल्या, “काका, तीन कंपन्यांची तीन माणसं घरी येऊन गेली. तिघंबी म्हणतेत आमचंच सिंथेटिक भारी. मी कुणाचं ऐकू?”

“ताई, विकणाऱ्याचे ऐकायचे नसते. न्यायशास्त्रात शब्द हे प्रमाण आहे खरे, पण आप्ताचा, म्हणजे खरे सांगणाऱ्या जाणत्याचा शब्द. कंपनीचा माणूस आप्त नव्हे.”

“शास्त्र राहू द्या, काका. माझी अडचण ऐका. एक गाडी बंद पडली की खेप चुकती. खेप चुकली की गाव कोरडं. लागोपाठ चुकल्या तर काम दुसऱ्याला देऊन टाकतेत, अन् त्यो दुसरा टायमावर येईल का नाय, त्या गावाला काय ठावं? तिकडं गॅरेजांत गाड्यांची रांग लागलेली. आता एकदा इंजिन उघडलं ना, तर पाऊस पडंस्तोवर ते जोडून व्हायचं नाय.”

कडुबाचे इंजिन तिघांत सर्वांत जुने होते. ते निळसर धूर सोडू लागले होते. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तेथे अग्नी असणार, हे अनुमानाचे शाळकरी उदाहरण. ट्रकमागे निळा धूर दिसला म्हणजे आत तेल जळत असणार, हे माझ्या धंद्यातले. सुमनताईंना साऱ्या हंगामाचे तेल एकदमच घ्यायचे होते. निवड चुकली तर ते इंजिन बसणार आणि त्याबरोबर गावाचे पाणीही. शिवाय टँकरचे काम कष्टाचे असते. किलोमीटर थोडे, पण भरण्याच्या रांगेत बॅटरी दगा देईल या भीतीने इंजिन तासन्‌तास चालूच, मग धुळीचा रस्ता आणि भरल्या टाकीनिशी चढाव. केवळ किलोमीटरचा आकडा पाहून तेल बदलणारा येथे फसतो.

मी म्हटले, “ताई, तीन टँकर आहेत, तीन तेले आहेत. थोडे दिवस प्रत्येकात एकेक भरू आणि पारखू. मग ठरवा.”

तिन्ही तेले मी एकाच जाडीची आणि एकाच दर्जाची निवडली. आंब्याची तुलना आंब्याशीच व्हायला हवी. एक फार जाहिरातीचे आणि सर्वांत महाग, दुसरे मध्यम किमतीचे, तालुक्याच्या गावी कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळणारे, आणि तिसरे नव्या कंपनीचे, स्वस्त. नावे कळली की मन कलते. म्हणून मी तेल साध्या डब्यांत ओतले, आणि खुणेसाठी एका डब्याला कुंकू लावले, दुसऱ्याला हळद, तिसऱ्याला बुक्का. वरून भर घालायला प्रत्येकाला त्याच खुणेचा एकेक डबा सोबत दिला. पहिल्या फेरीनंतर डबे आलटूनपालटून भरायचे, म्हणजे एका इंजिनाचा दोष एका तेलाच्या माथी बसणार नाही, अशीही योजना होती. इतकी निर्दोष रचना करून मी मनोमन गुरुजींना नमस्कार केला.

मात्र खुणा निवडताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. कडुबाच्या वाट्याला कुंकवाचा डबा गेला. ते तेल सर्वांत स्वस्त होते, पण हे केवळ मलाच ठाऊक. कडुबाने डब्याला हात जोडले. “सवाष्णीचा डबा आलाय आपल्याला,” तो छाती काढून म्हणाला. “रशीदभाई, तुमचं नुसतं हळदीचं. आमचं कुंकवाचं. मान आमचा पहिला.”

रशीदभाई दाढीतून हसले. “हौ रे बाबा. पण लग्नात पहिले हल्दीच लगती. कुंकू बाद में.”

भाऊसाहेबांनी बुक्क्याचा डबा उचलला आणि ते काही न बोलता गेले. ते एरवीही बोलत नसत.

काही दिवसांनी मी तिघांच्या इंजिनांतले थेंब मागविले. हळद आणि बुक्का यांच्या पत्रिका जवळजवळ सारख्या : मऊ, करड्या, कडेपर्यंत विरत गेलेल्या. कुंकवाच्या कागदावर मात्र मधोमध दाट काळा डाग बसला होता. तो कागद पाहून कडुबाचा चेहरा उतरला.

“गुरुजी, कुंकवाचं असून असं काहून झालं?”

“अरे, यात तेलाचा दोष आहे असे नाही. तुझ्या इंजिनाच्या रिंगा झिजल्या आहेत. काजळी खाली उतरते आणि तेल वर जळते. पुढच्या फेरीत डबे बदलले की कळेल.”

“कडुबा,” रशीदभाई कागद उजेडात धरून गंभीरपणे म्हणाले, “तेरे गाडी के पत्रिका में शनी बैठेला है. अब साडेसात साल.”

दोघे गेल्यावर भाऊसाहेब मागे थांबले. काहीतरी सांगतील असे वाटले. त्यांनी तो काळा कागद पाहिला, एक सुस्कारा टाकला आणि तेही गेले.

फेरी संपली. ठरल्याप्रमाणे तिन्ही टँकरांतले तेल बाटल्यांत आले. मी थेंब सोडले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संध्या आटोपून दुकान उघडल्यावर प्रथम कागद हाती घेतले. पाहतो तो तिन्ही पत्रिका तिळ्या भावंडांसारख्या. तोच करडा रंग, तेच कडे, तोच पसारा. जास्त जुने इंजिन आणि कमी जुने इंजिन, महाग तेल आणि स्वस्त तेल, यांत भेद म्हणून उरला नव्हता. मी चष्मा पुसला. भिंग घेतले. असे होणे शक्य नव्हते. आणि जे शक्य नाही ते समोर दिसत असेल तर कारण दुसरीकडे शोधावे, असे शास्त्र सांगते. मी दुसरीकडे शोधायचे ठरविले आणि तिघांना बोलावून घेतले.

ते आले. भाऊसाहेब दाराशीच थांबले. रशीदभाई छताकडे पाहू लागले आणि कडुबा जमिनीकडे.

“कडुबा, तुझ्या इंजिनाला काय झाले होते?”

“काय नाय, गुरुजी. लई बेस चाललंय.”

“म्हणूनच विचारतो.”

कडुबाने रशीदभाईंकडे पाहिले. “तुमीच सांगा, भाई.”

“मैं कायकू? गाडी तेरी.”

“तेल तुमचं!”

मग दोघे एकदमच बोलू लागले. भरल्या टाकीनिशी चढावर असताना कडुबाच्या गाडीत तेलाचा लाल दिवा लागला. इंजिनाने तेल पिऊन टाकले होते आणि कुंकवाचा सोबतचा डबाही तळाला गेला होता. वर गाव दिसत होते. हंडे घेऊन माणसे उभी होती. मागून रशीदभाईंचा टँकर आला. त्यांनी खाली उतरून आपल्या हळदीच्या डब्यातले तेल कडुबाच्या इंजिनात ओतले.

“पंडितजी, आप बोले थे, दूसरे का तेल नक्को डालना,” रशीदभाई म्हणाले. “मेरे कू याद था. लेकिन ऊपर औरतां खडी थी, बच्चे खडे थे. उनको क्या बोलता मैं? हल्दी-कुंकू का मामला है, ठहरो?”

“आणि भाऊसाहेबांचा टँकर? त्याची पत्रिकाही तशीच कशी?”

दारातून प्रथमच आवाज आला. भाऊसाहेब म्हणाले, “तीन डबे तीन गाड्यांत गडगडत होते. कुणाला कवा लागंल सांगता येत नव्हतं. म्हणून समदं एका कॅनमध्ये केलं. ज्याची गाडी आधी तहानली त्यानं घ्यायचं.”

“समदं? तिन्ही तेले?”

“व्हय.”

“मग मला का नाही सांगितले?”

“तुमी किती झटून कुंकू-बुक्का लावला होता, गुरुजी,” कडुबा कळवळून म्हणाला. “तुमाला वाईट वाटलं असतं.”

कडुबाच्या तहानलेल्या इंजिनात वारंवार ताजे तेल पडत गेल्याने त्याचा काळा डागही विरला होता. माझ्या निर्दोष रचनेचा असा त्रिवेणी संगम झाला होता. मी तसे मोठ्याने म्हणालोही. रशीदभाईंनी विचारले, “पंडितजी, संगम तो आप लोगां में पवित्र रहता ना?” या प्रश्नाला शास्त्रात उत्तर आहे, पण ते त्यांच्याच बाजूचे आहे. मी हसलो, आणि मी हसलो हे पाहून तिघांनी श्वास सोडला. तेले एकाच जाडीची आणि दर्जाची असल्याने इंजिनांना त्या मिश्रणाचा अपाय झाला नव्हता, ही देवाची दया.

तेवढ्यात सुमनताई आल्या. आज त्यांना हंगामाचे तेल न्यायचे होते. मी सारे सांगितले. त्यांनी दिराकडे एकदा पाहिले, तेव्हा भाऊसाहेब दाराबाहेर सरकले. मग त्या माझ्यापुढच्या बाकावर बसल्या.

“म्हंजे काका, परीक्षा वायाच गेली?”

“शास्त्र म्हणून वायाच. पहिल्या थेंबांवरून हळद आणि बुक्का तोलामोलाचे वाटतात. कुंकवाविषयी मी काहीच सांगू शकत नाही. त्याला बिचाऱ्याला म्हातारे इंजिन मिळाले. खात्रीने सांगायचे तर फेरी पुन्हा करायला हवी.”

“तेवढा येळ आहे का माझ्याकडं?”

“नाही.”

त्यांनी दाराबाहेर पाहिले. बाहेर तिन्ही टँकर उभे होते. मग म्हणाल्या, “कडुबाचं इंजिन तेल पिणारच. त्ये काय आता थांबत नाय. रस्त्यात कमी पडणार अन् हे एकमेकांना देणार. मी नगं म्हणले तरी देणार. मग तिन्ही गाड्यांत एकच तेल पायजे. अन् तुमचं दुकान बंद असलं, म्या घरी नसले, तरी वाटंवरच्या गावात मिळालं पायजे. असं कोणतं हाय?”

चांगले तेल म्हणजे काय, याचा मी वर्षानुवर्षे विचार केला होता. उष्णता, जाडी, आयुष्य, किंमत, सारे तोलले होते. चढावर अडलेल्या गाडीला शेजारच्या गाडीतून देता येणे आणि आडगावच्या टपरीवर मिळणे, हाही तेलाचा गुण असू शकतो, हे कोणत्याच डब्यावर छापलेले नव्हते. मी म्हटले, “ताई, मग बुक्का घ्या. ते मधल्या किमतीचे तेल, कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते.”

“बरं झालं,” रशीदभाई म्हणाले. “हल्दी का बी झगडा नहीं, कुंकू का बी नहीं.”

कडुबा मात्र थोडा हिरमुसला. आपले कुंकवाचे तेल हरले असे त्याच्या मनाने घेतले होते, आणि ते अखेरपर्यंत हटले नाही. तसे पाहिले तर त्या तेलाचा निकाल लागलाच नाही, ही माझ्याही मनाची रुखरुख आहे. ती तुलना आजवर अपुरीच आहे. हल्ली मुले मोबाइलवर तेलांपुढचे तारे मोजून येतात आणि ‘काका, यातलं कुठलं?’ विचारतात. मी विचारतो, गाडी किती जुनी, ती कशी चालते, आणि वाटेत तेल संपले तर कुणाकडे मागाल? तिसऱ्या प्रश्नाला ते हसतात. हसू द्यावे.

त्यानंतर उन्हाळा फार कडक गेला. कडुबा प्रत्येक भरणीच्या जागी पट्टी ओढून तेल पाहू लागला. इतर दोघेही पाहू लागले, कारण ज्याचे कमी त्याला देण्याची तयारी हवी. चढावर कडुबाची गाडी मधे ठेवायची, पुढे भाऊसाहेब, मागे रशीदभाई, असा त्यांनी आपणच नेम घालून घेतला. निळा धूर वाढत गेला. माझ्या रोजच्या प्रार्थनेत एका ट्रकच्या इंजिनाची भर पडली. देवाने ते विचित्र मानले नसावे. एकही गाव कोरडे राहिले नाही.

मग पावसाळा स्थिरावला, विहिरींना पाणी आले, टँकरचे काम थांबले. सुमनताईंनी कडुबाची गाडी लगेच गॅरेजला लावली आणि मलाही बोलावून घेतले. मिस्त्रीने इंजिन उघडले. तो बराच वेळ आत पाहत राहिला, रिंगांचे तुकडे त्याने बोटाने चाचपले, आणि मान हलवून म्हणाला, “हे इंजिन उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच बसायला पायजे होतं. आतापर्यंत चाललं कसं?”

कडुबा गाडीच्या चाकावर हात ठेवून उभा होता.

“आमी त्याला तसं कळूच दिलं नाय,” तो म्हणाला.